गेल्या वर्षभरात घरात काय बदललं?

‘सगळं अंग ठणकतं’, ‘डोकं गच्च होतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘हातापायांना मुंग्या येतात’, ‘पोटात गोळा उठतो’, ‘जीव घाबरतो’, ‘अन्न गोड लागत नाही’. सरकारी रुग्णालयात मेडिसिनची ओपीडी चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ही वाक्यं तोंडपाठ असतात. ती सांगणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत दोन-तीन वर्षांचे कागद: छातीचा एक्स-रे, तीन-चार ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, कुणीतरी करायला लावलेला डोक्याचा सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्यांची चळत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्यांच्यासाठी कुणी शेळी विकलेली असते, कुणी बचत गटातून पैसे उचललेले असतात. आणि शेवटी कुणा डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.’

माझ्या मते आपल्या आरोग्यव्यवस्थेत रोज बोललं जाणारं हे सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. ते ऐकणाऱ्या बाईला त्यातून एवढंच कळतं की डॉक्टरांना माझं दुखणं खोटं वाटतं. घरी गेल्यावर नवरा आणि सासूही तेच म्हणतात, आता तर डॉक्टरांच्या साक्षीने. मग ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तिथे ताकदीची बाटली लावून घेते, पुढे कुणी सांगितलं म्हणून देवऋषी गाठते आणि सहा महिन्यांनी तीच पिशवी, थोडी जाड झालेली, घेऊन पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभी राहते.

अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांना नैराश्य किंवा चिंताविकार असतो, अनेकदा दोन्ही मिळून. वैद्यकशास्त्रात यांना ‘सामान्य मानसिक आजार’ म्हणतात. सामान्य म्हणजे किरकोळ नव्हे, सर्रास आढळणारे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. त्यात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. आणि सामान्य मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. हे ८५ टक्के कुठे दडून बसलेले नाहीत. त्यातले पुष्कळजण आमच्या ओपीडीत येऊन, गॅसेसची गोळी घेऊन परत जातात.

‘मानसिक रुग्ण’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येरवडा किंवा ठाण्याचं मनोरुग्णालय उभं राहतं. हा माणूस तसा नसतो. तो असंबद्ध बोलत नाही, कुणाच्या अंगावर जात नाही. ही बाई स्वयंपाक करते, खुरपायला जाते, सातची लोकल पकडते. फक्त प्रत्येक कामाला तिला दुप्पट जोर लावावा लागतो, पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच, आणि पूर्वी आवडणाऱ्या कशातही आता मन लागत नाही. हे तिलाही आजार वाटत नाही. ‘हल्ली अंगात त्राणच नाही’ एवढंच ती म्हणते.

ती अंगाचंच का बोलते, हे समजून घेण्यासारखं आहे. शिकलेल्यांना वाटतं, अडाणीपणामुळे. तसं अजिबात नाही. मनाचं दुखणं शरीरात मांडायची आपल्या भाषेची जुनी रीत आहे. आपल्या पोटात खड्डा पडतो, काळजाला घोर लागतो, हातपाय गळतात, गोष्टी जिवाला लागतात. आणि भाषा इथे शरीरशास्त्राला धरूनच आहे. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या काही मज्जातंतूंचं कामच वेदनेला लगाम घालण्याचं असतं. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांवर ते चालतं, आणि नैराश्याशी ज्यांचा संबंध जोडला जातो ती रसायनंही हीच. लगाम सैल पडला की एरवी जाणवलीही नसती ती कंबर, त्या पोटऱ्या दिवसभर ठणकतात. मुंग्यांचंही तसंच. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, कधी बोटं आखडतात. ते पाहून भीती वाढते, भीतीने श्वास आणखी वाढतो. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. म्हणून तर रिक्षा करून रुग्णालयात पोहोचेपर्यंत माणूस बरा झालेला असतो, ईसीजी स्वच्छ येतो आणि घरचे वैतागतात. पण त्या दहा मिनिटांत त्याला आपण मरतोय असं खरोखर वाटलेलं असतं.

तपासण्या करूच नयेत असं मी म्हणत नाही. छातीत पहिल्यांदा दुखलं तर ईसीजी काढायलाच हवा. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि शाकाहारी माणसाचं बी-१२ बघायलाच हवं, कारण यातला प्रत्येक आजार नैराश्याचं सोंग घेऊ शकतो. मधुमेह आणि हृदयविकाराच्या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. पण या तपासण्या एकदा नीट कराव्यात आणि थांबावं. चौथा ईसीजी हा उपचार नसतो.

थांबल्यावर करायचं काय? मी एक प्रश्न विचारतो: ‘गेल्या वर्षभरात घरात काय बदललं?’

‘तुम्हाला काही टेन्शन आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘नाही, तसं काही नाही.’ कारण टेन्शन आहे म्हणणं म्हणजे घरच्यांवर ठपका ठेवणं, आणि घरचं कुणीतरी शेजारीच उभं असतं. बदल मात्र कुणाच्याही देखत सांगता येतो. ‘धाकटीचं लग्न झालं.’ ‘मालक गेले.’ ‘पोरगा पुण्याला कंपनीत लागला, आता घरात आम्ही दोघंच.’ ‘बोअर आटली.’ ‘भावाभावांत वाटणी झाली.’ ‘यांना रिटायर होऊन आठ महिने झाले.’ आणि एवढं सांगताना बऱ्याचदा डोळे भरून येतात. मग शेजारच्या माणसाला बाहेर बसायला सांगायचं. पुढचं आपोआप येतं.

आयुष्यातले बदल आणि आजार यांचा संबंध अमेरिकेत थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी १९६७ मध्ये मोजायचा प्रयत्न केला. त्यांनी ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, निवृत्ती ४५. लग्नाला निवृत्तीपेक्षा जास्त गुण बघून आपल्याकडचे विद्यार्थी हसतात, पण त्यात तथ्य आहे. चांगल्या बदलालाही माणसाला जुळवून घ्यावं लागतं. ही यादी अर्थात अमेरिकी जगण्याची. नवं घर, नवं आडनाव, कधी कधी नवं नावसुद्धा आणि सकाळी किती वाजता उठायचं याचे नवे नियम हे सगळं एका दिवसात अंगावर घेणाऱ्या आपल्याकडच्या मुलीला किती गुण द्यायचे? दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघणाऱ्या बीडच्या जोडप्याला किती?

मला जास्त उपयोगी वाटतं ते जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांचं काम. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून त्यांनी १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं. नैराश्य आलेल्या बहुतेक स्त्रियांच्या मागे काहीतरी मोठा आघात किंवा दीर्घकाळची अडचण होती, यात नवल नाही. महत्त्वाचं हे की तसाच आघात सोसलेल्या पुष्कळ जणी आजारी पडल्याही नव्हत्या. फरक कशाने पडला? घरात तीन किंवा अधिक लहान मुलं असणं, बाहेर काम नसणं, लहानपणी आई गेलेली असणं यांनी धोका वाढत होता. आणि मनातलं सांगता येईल असं जवळचं माणूस असणं, यानं तो बराच कमी होत होता. म्हणून माझा दुसरा प्रश्न असतो: ‘हे सगळं कुणाशी बोलता?’ उत्तरादाखल नुसती मान हलली तर केसपेपरवर तशी नोंद करावी, रक्तदाबाची करतो तशी.

आता या बदलांतल्या काहींविषयी थोडं सविस्तर.

पहिलं बाळंतपण. आपल्याकडे मुलगी माहेरी येते, सव्वा महिना तिची काळजी घेतली जाते आणि सगळं घर बाळाभोवती फिरतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं अनेक जणींना होतं. ते पंधरा दिवसांत निवळतं आणि त्याला औषध लागत नाही. पण पंधरा दिवस उलटूनही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा उलट त्याला काही होईल या धास्तीने ती हादरलेली असेल, तर ते बाळंतपणातलं नैराश्य असू शकतं. ती स्वतः सांगणार नाही. सोन्यासारखं मूल झालं असताना रडते कशाला, असं सगळे म्हणतील हे तिला माहीत असतं. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं, आणि यातल्या बहुतेक जणी गरोदरपणातच त्रासात होत्या. नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी यांनी धोका वाढलेला दिसला. म्हणजे हे नुसतं हार्मोन्सचं प्रकरण नाही.

सहाव्या आठवड्याला बाळाला लस टोचायला प्रत्येक आई केंद्रावर येते. बाळाचं वजन होतं, कार्डावर लिहिलं जातं. त्याच वेळी सिस्टरने किंवा आशाताईने आईला ‘तू कशी आहेस? झोप लागते का?’ एवढं विचारायला नवं यंत्र लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. कार्डावर एक रकाना वाढवावा लागेल. स्तनपान चालू असतानाही देता येतील अशी औषधं आहेत, तेव्हा ‘अंगावर पाजते म्हणून औषध नको’ ही सबबही खरी नाही. एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगतो: बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई अजिबात झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, विचित्र संशय घेत असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. ‘बाहेरचं’ बघत बसू नये, तिला बाळाजवळ एकटं ठेवू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांचं सगळं दुखणं आपण पाळी जाण्याच्या नावावर टाकतो. त्या काळात नैराश्याचा धोका वाढतो हे खरं. रात्री घामाने जाग येते, झोप मोडते. पण याच वयात मुलींची लग्नं होतात, सासू किंवा सासरे अंथरुणाला खिळतात आणि सगळी शुश्रूषा एकाच बाईवर येते. दोन्ही विचारावं लागतं.

निवृत्तीबद्दल पुरुष बोलत नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ होतो, पेन्शन सुरू होते, पैशाची तशी ददात नसते. आणि सात-आठ महिन्यांनी हे काका ‘गॅसेस’ घेऊन येतात. पत्नी बाजूला सांगते, ‘दिवसभर चिडचिड करतात, भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतात.’ पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यात दिसत नाही, चिडण्यात दिसतं. नाहीतर संध्याकाळच्या पेगमध्ये, जो एकाचा तीन झालेला असतो. दारू झोप आणते आणि पहाटे मोडते, मूड आणखी खाली नेते. काहींना विस्मरणाची धास्ती वाटते. इथे एक उपयोगी खूण सांगतो. जो माणूस स्वतः येऊन ‘डॉक्टर, मला काही आठवत नाही हो’ अशी तक्रार करतो, त्याचं विस्मरण नैराश्यातून असण्याची शक्यता बरीच असते. स्मृतिभ्रंशात सहसा तक्रार घरचे करतात आणि रुग्ण म्हणतो, मला कुठे काय झालंय? ही खूण दर वेळी लागू पडत नाही, पण अशा माणसाला थेट ‘आता वय झालं’ म्हणून घरी पाठवू नये.

दुःखाला मी आजार म्हणत नाही, हे इथे स्पष्ट करतो. चाळीस वर्षांचा जोडीदार गेल्यावर जेवण न जाणं, त्याची हाक ऐकू आल्याचा भास होणं, महिनोन् महिने रडू येणं हे सगळं माणसाचं आहे. आपल्या जुन्या रीतींनी या दुःखाला वेळापत्रक दिलं होतं: दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध. विधींवर श्रद्धा असो वा नसो, ठरावीक दिवसांनी माणसं घरी येत राहायची. आता तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी परततात आणि मागे उरलेल्या आजींना कुणीतरी झोपेची गोळी सुरू करून देतं. ते बरोबर नाही. मात्र सहा महिने-वर्ष उलटूनही दुःख तसूभर कमी होत नसेल आणि माणूस रोजच्या जगण्यात परतलाच नसेल तर मदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सध्याच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र जागा आहे, तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे.

मग साधी उदासी आणि आजार यांची सीमारेषा कुठे? ओपीडीत वापरण्याजोगे दोन प्रश्न जगभर रूढ आहेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? आणि नेहमीच्या गोष्टींतला रस, आनंद गेला का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर पुढे झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणं, जगू नये असं वाटणं याबद्दल विचारायचं, आणि यामुळे काम अडतं का ते पाहायचं. क्रिकेटची मॅच हरल्यावर ‘डिप्रेशन आलं’ म्हणणाऱ्या तरुणांबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्या शब्दाच्या या स्वस्ताईमुळे खऱ्या रुग्णाचं कुणी ऐकत नाही. ‘आम्हालाही येतं बरं डिप्रेशन, आम्ही नाही का उठून कामाला लागत?’ असं त्याला ऐकवलं जातं.

उपचारांत सर्वांत मोठा घोळ गोळ्यांचा आहे. लोक ज्या गोळ्यांना घाबरतात त्या सहसा सवय लावत नाहीत आणि ज्या बिनदिक्कत घेतात त्या लावतात. अल्प्राझोलाम हे नाव आता खेड्यापाड्यांत पोहोचलं आहे. गोळी अर्ध्या तासात काम करते, म्हणून आवडते. पण काही आठवड्यांत शरीराला तिची सवय होते, एकदम बंद केली की घाबरणं आणि निद्रानाश दुपटीने उसळतात, आणि म्हातारी माणसं तिच्या गुंगीत पडून हाड मोडून घेतात. ही गोळी ‘एच-१’ या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही आणि दुकानदाराने तिची नोंद ठेवायची असते. प्रत्यक्षात शेजारणीची अर्धी गोळी सहज मिळते. ज्यांच्या गोळ्या चालूच आहेत त्यांनी हे वाचून उद्यापासून बंद करू नयेत. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या असतात.

नैराश्यावरची औषधं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन, नेमकी उलट वागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता होऊ शकते आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण आठव्या दिवशी गोळी फेकून देतो. बरं वाटू लागल्यावरही ती साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायची आणि मग सावकाश कमी करायची. त्यांची चटक लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मात्र झटक्यात थांबवल्या तर काही दिवस चक्कर, अस्वस्थता जाणवते. प्रत्येकाला गोळीच लागते असंही नाही. सौम्य त्रासात बोलण्याने, दिवसाची घडी परत बसवण्याने आणि नियमित चालण्याने पुष्कळ सुधारणा होते.

आणि हे ‘बोलणं’ मानसोपचारतज्ज्ञानेच करायला हवं असंही नाही. याचा उत्तम दाखला आपल्या शेजारी, गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत एक मोठी चाचणी केली. ती २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन केंद्रावर बसवलं. डॉक्टर होते, गरजेला तज्ज्ञ होते, पण रुग्णाला आजार समजावणं, त्याच्याशी बोलणं, तो परत आला नाही तर त्याला गाठणं हे काम या समुपदेशकांचं. सहा महिन्यांनी अशा सरकारी केंद्रांतले सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले होते. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असण्या-नसण्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे जिथे गर्दी आहे आणि डॉक्टरला वेळ नाही, नेमकं तिथेच हे माणूस उपयोगी पडलं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा नमुना उभा राहिला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यामागची कल्पना हीच होती की मनाचे उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर, साध्या दवाखान्यात मिळावेत. चाळीस वर्षांनंतरही तालुक्याच्या रुग्ण‍ाला तज्ज्ञासाठी जिल्ह्याचा वार गाठावा लागतो. जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि ‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेली’ हा शिक्का. तज्ज्ञ वाढायलाच हवेत, पण त्यांची वाट पाहत साध्या ओपीडीने हात झटकू नयेत.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो, आणि तो घेणारी माणसं मला जवळची आहेत. ती म्हणतात, बोअर आटली, कर्ज झालं, नवरा मारतो. यावर गोळी कसली देता? व्यवस्थेचा प्रश्न तुम्ही मेंदूच्या रसायनांवर ढकलता. आक्षेपात दम आहे. गोळीने बोअरला पाणी लागत नाही. पण नैराश्यातल्या माणसाला बँकेत जायला, पंचनाम्यासाठी तलाठ्यामागे लागायला, माहेरी फोन करून ‘मला घेऊन जा’ म्हणायलाही बळ उरत नाही. पाय मोडलेल्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही म्हणून आपण प्लास्टर नाकारत नाही. भाव मागायचा तर त्याला आधी उभं राहता आलं पाहिजे.

ज्या प्रश्नाला डॉक्टरही बिचकतात, तोही विचारायलाच हवा: ‘जगू नये असं मनात येतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नये, घरातली फवारणीची औषधं कुलूपबंद करावीत किंवा हलवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात. तेव्हा पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नये. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ओपीडीतल्या गर्दीचं काय, हा प्रश्न उरतोच. सकाळी शंभर-सव्वाशे केसपेपर समोर असताना प्रत्येकाला घरात काय बदललं हे विचारता येणार नाही, मान्य. प्रत्येकाला विचारायचंही नाही. ज्याच्या पिशवीत नॉर्मल रिपोर्टांची चळत आहे आणि जो वर्षात चौथ्यांदा आलाय, त्याला विचारायचं. त्याच्यावर आजवर झालेल्या तपासण्यांचा वेळ आणि खर्च मोजला, तर दहा मिनिटांचं बोलणं स्वस्तच पडतं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक प्रशिक्षित समुपदेशक रोज बसावा, वरच्या दोन-तीन औषधांचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत अखंड राहावा, एवढी माझी मागणी आहे. आणि एक बारीकशी गोष्ट. रक्तदाबाची गोळी स्थिर रुग्णाला महिनाभराची दिली जाते. नैराश्यातून सावरत असलेल्या, जिवाला धोका नसलेल्या रुग्णालाही तशीच महिन्याची द्यावी. आठ-आठ दिवसांच्या गोळ्यांसाठी त्याची मजुरी बुडवली, तर तिसऱ्या खेपेला तो येत नाही.